सावरडो सफरचंद फ्रिटर बाहेरून करपतात, आतून कच्चे राहतात आणि तेलात हसतात तेव्हा

अनारसा तुपात सोडल्याबरोबर विरघळून पसरू लागला, की आपल्याकडे तो ‘हसला’ असे म्हणतात. सावरडो स्टार्टरवर, म्हणजे मैदा आणि पाणी आंबवून घरी जिवंत ठेवलेल्या विरजणावर, फुगवलेले सफरचंदाचे फ्रिटर मी पहिल्यांदा तळले तेव्हा त्यांतले निम्मे असेच हसले, आणि जे अखंड बाहेर आले ते वरून काळपट व मधोमध ओल्या कणकेसारखे निघाले. मिनेसोटातल्या सेंट पॉल येथील आमच्या घरी एकाच हिवाळ्यात हा प्रकार चार वेळा घडला. दर वेळी मी तेलावर संशय घेतला, आच कमीजास्त केली, तळण्याचा वेळ वाढवला, आणि दर वेळी तक्रार जिथल्या तिथे राहिली. पुढे एप्रिलमध्ये नाशिकला माझ्या धाकट्या बहिणीने माझीच कृती काटेकोर वजने घेऊन केली, आणि तिचेही फ्रिटर आतून ओलेच निघाले. तिचे स्वयंपाकघर ३५ अंशांवर होते आणि माझे १९ अंशांवर. दोघांनी एकमेकांना कापलेल्या फ्रिटरचे फोटो पाठवले, तेव्हा कुठे लक्षात आले की तक्रारीचे शब्द सारखे असले तरी आतला दोष अगदी उलट होता.

‘आतून कच्चे राहिले’ या एका वाक्याखाली निदान चार वेगवेगळे दोष लपलेले असतात आणि एकावरचा उपाय दुसऱ्याला आणखी बिघडवतो, म्हणून काहीही बदलण्याआधी फसलेला फ्रिटर मधोमध कापून नीट पाहणे ही पहिली पायरी आहे. मात्र तो गरम असताना कापू नये, कारण गरम असताना चांगला शिजलेला ब्रेडसुद्धा चिकट वाटतो. अर्धा तास थांबून मग कापावा.

कोणत्या फ्रिटरविषयी हे लिहीत आहे, तेही आधी स्पष्ट केले पाहिजे. सफरचंदाच्या चकत्या पातळ पिठात बुडवून भज्यांसारख्या तळण्याचा प्रकार युरोपात जुना आहे, आणि त्यात फ्रिजमध्ये साठलेला जुना स्टार्टर बेकिंग पावडरच्या जोडीने घातला तरी काम भागते. अमेरिकेतल्या डोनटच्या दुकानांत मिळणारा फ्रिटर वेगळा असतो. तो हाताच्या पंजाएवढा आणि खडबडीत असून, फुगलेल्या गोड पिठाचे व शिजवलेल्या सफरचंदाचे तुकडे एकत्र दाबून तळलेला आणि वरून साखरेचा पातळ लेप दिलेला असतो. त्याची सारी फुगवण आंबवणातून येते. पहिल्या प्रकारची कृती वाचून फ्रिजमधला आठवडाभर उपाशी ठेवलेला स्टार्टर या दुसऱ्या प्रकारात घालणारे बरेच जण मी पाहिले आहेत. त्यांच्या अडचणीचे निदान तिथेच संपते. या कामासाठी स्टार्टरला सलग दोन वेळा खाऊ घातलेले, म्हणजे ताजा मैदा आणि पाणी दिलेले, असावे आणि २५ अंशांच्या आसपास तो चार ते सहा तासांत दुप्पट होत असावा. तसा होत नसेल, तर पुढचे काहीही वाचून उपयोग होणार नाही.

पुढचे आकडे ज्या प्रमाणाला धरून आहेत ते असे. ३० ग्रॅम ताजा स्टार्टर, ६० ग्रॅम पाणी आणि ६० ग्रॅम मैदा एकत्र करून खमीर लावायचे आणि ते पूर्ण फुगून माथ्यावर अजून घुमट असतानाच वापरायचे. त्यात ३०० ग्रॅम ब्रेडचा मैदा, १२० ग्रॅम दूध, एक अंडे, ४० ग्रॅम साखर आणि ७ ग्रॅम मीठ घालून पीठ मळायचे, आणि ते ताणले असता पडद्यासारखे पातळ होऊ लागले, की मग ५० ग्रॅम मऊ लोणी थोडे थोडे मुरवायचे. २५ अंशांना साधारण चार-पाच तासांत हा गोळा दीडपट होतो. तो रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचा, सकाळी त्यात २५० ग्रॅम शिजवून गार केलेले सफरचंद मिसळून स्क्रेपरने, म्हणजे पीठ कापायच्या पातीने, चिरायचा, त्याचे दहा भाग करायचे, ते २६ अंशांना तीन-चार तास फुगू द्यायचे आणि १७५ अंशांच्या तेलात तळायचे. भारतातला मैदा दूध थोडे कमी शोषतो, म्हणून तिथे १०० ग्रॅम दुधापासून सुरुवात करून लागेल तसे वाढवावे.

सफरचंदाचे पाणी

कापलेल्या फ्रिटरमध्ये बाकीचा भाग जाळीदार आणि कोरडा असेल, पण सफरचंदाच्या प्रत्येक फोडीभोवती चकचकीत, राखाडी झाक असलेले, बोटाला चिकटणारे कडे दिसत असेल, तर दोष सफरचंदाच्या पाण्याचा आहे. चारही दोषांत हा सर्वांत जास्त आढळतो आणि सर्वांत जास्त फसवतो, कारण ते कडे कच्चे नसतेच. तेलातून काढताच त्यात थर्मामीटर खुपसला तर तो ९५ अंश दाखवतो. मैद्यातल्या स्टार्चला फोडीतून सुटलेले जादा पाणी मिळाले, की गरम झाल्यावर त्याची खळ होते, अगदी पतंगाच्या कागदाला लावतात तशी. खळ आणखी शिजवली म्हणून तिचा पाव होत नाही. मी तळण्याचा वेळ दोन-दोन मिनिटे वाढवत राहिलो आणि बाहेरचे कवच करपवत राहिलो, ते या गैरसमजामुळे.

सफरचंदात वजनाच्या सुमारे ८५ टक्के पाणी असते, आणि साखर लागली की ते बाहेर येऊ लागते. त्यामुळे कच्च्या फोडी साखर-दालचिनीत घोळून थेट पिठात मिसळल्या, तर पीठ फुगण्याच्या तीन-चार तासांत त्या पाणी सोडत राहतात. काही जण आदल्या रात्रीच फोडी पिठात मिसळून फ्रिजमध्ये ठेवतात. सकाळी भांड्याच्या तळाशी साचलेला रस पाहिला, की पुढे काय होणार ते कळते. फोडी शिजवणे अपरिहार्य आहे, पण नुसते ‘मऊ होईपर्यंत शिजवा’ ही सूचना पुरेशी नाही, कारण मऊ फोडीतही भरपूर पाणी असू शकते. मी आता वजनावर जातो. सोलून, मधला भाग काढून, एक सेंटिमीटरच्या फोडी केलेले ४०० ग्रॅम सफरचंद पसरट कढईत थोड्या लोण्यावर, दोन चमचे साखर आणि एक चमचा लिंबाचा रस घालून, झाकण न ठेवता परतत राहायचे आणि उरलेले मिश्रण २५० ग्रॅमवर आले की थांबायचे. कढईचे रिकामे वजन आधी लिहून ठेवले, की काट्यावर नुसती कढई ठेवून हे समजते. दीडशे ग्रॅम वाफ बाहेर गेली, म्हणजे तेवढे पाणी पिठात जायचे टळले. खोल पातेल्यात हेच काम करू गेल्यास फोडी स्वतःच्याच रसात उकडतात आणि वजन उतरायच्या आत त्यांचा मुरंबा होतो.

लिंबाचा रस चवीपुरता नाही. फोडीचा आकार टिकवून धरणारे पेक्टिन आम्लतेत सहजी विरघळत नाही, म्हणून आंबट सफरचंद शिजूनही आकार धरून राहते आणि गोडमिट्ट सफरचंदाचा लगदा होतो. अमेरिकेत या कामासाठी सर्वत्र मिळणारे ग्रॅनी स्मिथ मला भरवशाचे वाटते. आमच्या मिनेसोटाचे लाडके हनीक्रिस्प, जे इथल्याच विद्यापीठाने १९९१ मध्ये बाजारात आणले, ते आकार चांगला धरते. पण ते इतके रसाळ असते, की २५० ग्रॅमचा आकडा गाठायला जवळजवळ दुप्पट वेळ लागतो आणि माझ्या मते ते तळण्यात घालण्यापेक्षा नुसते खाल्लेले बरे. नाशिकच्या अडचणीत सफरचंदाचाही वाटा होता. भारतात स्थायिक झालेले अमेरिकी सॅम्युअल स्टोक्स यांनी १९१६ च्या सुमारास हिमाचलमधल्या कोटगडला अमेरिकेतून आणलेली डेलिशस जातीची कलमे लावली, आणि आपल्या बाजारात आजही त्याच कुळातली लाल, गोड, कमी आंबट सफरचंदे सर्वाधिक दिसतात. एप्रिलमध्ये मिळतात ती तर शीतगृहातून आलेली आणि अनेकदा रवाळ झालेली असतात. बहिणीच्या फोडी कढईतच विरघळल्या होत्या. तिने पुढच्या वेळी बाजारातली हिरवी सफरचंदे घेतली, आणि लाल घ्यावी लागली तर फोडी दीड सेंटिमीटरच्या करून दुप्पट लिंबू घातले. दोन्ही मार्ग चालले.

शिजलेल्या फोडी ताटात पसरून पूर्ण गार कराव्यात. कोमट फोडी पिठात पडल्या तर लोणी वितळते आणि चिरताना सगळ्याचा चिखल होतो. गार झाल्यावर त्यांवर एक सपाट मोठा चमचा मैदा आणि दालचिनी भुरभुरावी. दालचिनी याच टप्प्यावर आणि फोडींनाच लावावी, पीठ मळताना त्यात घालू नये. दालचिनीचा वास ज्या घटकामुळे येतो तो यीस्टला मारक आहे. बाजारच्या यीस्टने केलेले पीठ तिला कसेबसे तोंड देते, पण सावरडोचे आधीच सावकाश चालणारे पीठ तिच्यामुळे अक्षरशः अडून बसते.

कमी आंबलेले आणि जास्त आंबलेले

आता माझ्या आणि बहिणीच्या फोटोंकडे वळतो. माझ्या फ्रिटरचा छेद गच्च होता. छिद्रे बारीक, दाबलेली आणि एकसारखी होती, मधला गाभा खरोखरच कच्चा होता, आकार चेंडूसारखा फुगीर झाला होता आणि एका कुशीवर चीर पडून आतले पीठ बाहेर डोकावत होते. थर्मामीटरने गाभ्यात ८० अंशही दाखवले नव्हते. हे कमी आंबलेल्या पिठाचे लक्षण आहे. पिठात हवा नसल्यामुळे तेवढ्याच आकारात कितीतरी जास्त वजन भरलेले असते, तेलातला गोळा मध्यापर्यंत तापायला फार वेळ घेतो, आणि तोवर साखर व दूध घातलेले कवच काळे पडते. बाहेरून करपलेले आणि आतून कच्चे, या तक्रारीचा अर्थ पुष्कळदा एवढाच असतो की पीठ आणखी दोन तास फुगायला हवे होते.

बहिणीचा फ्रिटर चपटा, सुरकुतलेला होता. त्यात वरच्या बाजूला मोठी पोकळी होती, खाली तेलकट, चिकट थर बसलेला होता, रंग फिकट होता आणि चव आंबट. हे जास्त आंबलेले पीठ. त्यातले ग्लुटेन, म्हणजे पिठाला ताण देणारे प्रथिन, आम्लतेने आणि लांबलेल्या आंबवणीने इतके सैल झालेले असते, की तेलात पडल्यावर हवा धरून ठेवता येत नाही. गोळा बसतो, तेल पितो आणि बसलेला भाग गच्च होऊन कच्च्यासारखा लागतो. फिकटपणा ही इथली सर्वांत उपयोगी खूण आहे. आम्लता वाढली की तळताना रंग चढायला उशीर लागतो, म्हणून ‘रंगच येत नव्हता म्हणून जास्त वेळ तळले’ असे कोणी सांगितले, की मी आधी पीठ किती तास बाहेर होते ते विचारतो. अशा वेळी ‘आतून कच्चे आहे, आणखी फुगू द्या’ हा माझ्या स्वयंपाकघरातला उपाय तिथे लावला, तर आधीच बसलेले पीठ पुरते मोडते. मी तिला पहिल्या फोनवर नेमका तोच सल्ला दिला होता.

ऊब दिली की पीठ फुगते, हा आपला घरोघरीचा अनुभव इडलीच्या पिठाचा आहे, आणि तो इथे अर्धाच लागू पडतो. इडलीच्या पिठातला वायू मुख्यतः जिवाणू तयार करतात. सावरडोमध्ये फुगवण्याचे काम बहुतांशी यीस्टचे आणि आंबटपणाचे काम जिवाणूंचे असते, आणि दोघांना आवडणारी ऊब एकच नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या सावरडोमध्ये आढळणारे यीस्ट २७ अंशांच्या आसपास सर्वांत जोमाने वाढते आणि ३६ अंशांपुढे वाढतच नाही, तर ज्या जिवाणूला त्या शहराचेच नाव मिळाले आहे, त्याला ३२ अंशांची ऊब मानवते. प्रत्येक घरच्या स्टार्टरमधली मंडळी वेगळी असली, तरी कल साधारण असाच दिसतो. नाशिकच्या ३५ अंशांत पीठ आंबट होत होते, सैल होत होते, पण त्या मानाने फुगत नव्हते. आणि फुगत नाही म्हणून ते आणखी थांबून राहिले, हेच चुकले. उलट माझ्याकडे १९ अंशांत कृतीतले तीन तास संपले तेव्हा पीठ जेमतेम जागे झाले होते. दोघांनीही घड्याळ पाहिले होते आणि पीठ पाहिले नव्हते.

पीठ पाहायचे म्हणजे काय, हे सांगणे मात्र अवघड आहे, कारण फोडी मिसळलेल्या खडबडीत गोळ्याची फुगवण डोळ्यांना कळत नाही. यावर मला सर्वांत उपयोगी पडलेली युक्ती म्हणजे साक्षीदार पेला. मळून झाल्यावर पिठातले ३० ग्रॅम काढून एका सरळ कडांच्या लहान काचेच्या पेल्यात दाबून बसवायचे, त्याच्या उंचीवर रबरबँड लावायचा आणि पेला मुख्य पिठाशेजारीच ठेवायचा. पेल्यातले पीठ दीडपट झाले, की मुख्य पीठ फ्रिजमध्ये जाते. पेलाही फ्रिजमध्ये ठेवायचा आणि सकाळी बरोबरच बाहेर काढायचा. लहान पेला मोठ्या गोळ्यापेक्षा लवकर गार आणि लवकर गरम होतो, एवढे ध्यानात ठेवून दुसऱ्या दिवशीचा अंदाज थोडा पुढे सरकवावा: पेल्यातले पीठ मूळ उंचीच्या दुपटीवर गेले, तरी फ्रिटरांना साधारण अर्धा तास आणखी द्यावा. शेवटची खात्री बोटाने करायची. पिठाच्या उघड्या भागावर ओल्या बोटाने हलका खळगा केला आणि तो लगेच भरून आला, तर थांबावे. सावकाश आणि अर्धवट भरून आला, तर तेल तापत ठेवावे. तसाच राहिला, तर क्षणही दवडू नये.

थंड स्वयंपाकघरात मी आता बंद ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून आत गरम पाण्याचे भांडे ठेवतो, पण त्याआधी आत थर्मामीटर ठेवून पाहतो, कारण काही ओव्हनमध्ये एवढ्यानेच ३५ अंश होतात आणि सेंट पॉलमध्ये नाशिकचा एप्रिल अवतरतो. उष्ण स्वयंपाकघरासाठी बहिणीने बसवलेली पद्धत अशी आहे: दूध आणि अंडे थेट फ्रिजमधून घ्यायचे, खमीर १५० ऐवजी ८० ग्रॅम घालायचे आणि कमी झालेल्या सत्तर ग्रॅमांच्या बदल्यात मैदा व दूध प्रत्येकी ३५ ग्रॅम वाढवायचे, आणि पेल्यातले पीठ दीडपट होण्याची वाट न पाहता साधारण तीस टक्के वाढले की गोळा पसरट डब्यात चपटा करून फ्रिजमध्ये टाकायचा, कारण फ्रिजमध्ये गेल्यावरही आतपर्यंत गार होईस्तोवर तो दोनेक तास फुगतच असतो. तिचे शेवटचे फुगवणे आता दीड तासात आटोपते. साखर मात्र दोघांनीही ४० ग्रॅमच्या वर नेऊ नये. मैद्याच्या सुमारे दहा टक्क्यांपलीकडे साखर गेली, की ती पाणी धरून ठेवते आणि यीस्ट मंदावते. गोडी वरच्या लेपातून येतेच.

तेल

चौथा दोष खरोखर तेलाचा, आणि तो ओळखायला सोपा आहे. छेद छान जाळीदार असतो, फोडींभोवती कडे नसते, आणि तरी मधोमध रुपयाएवढा भाग कच्चा असतो. तेल जास्त तापलेले होते, किंवा फ्रिटर जाड होता. तळायला सोडताना जाडी दोन सेंटिमीटरच्या वर नसावी आणि मध्यभाग कडेपेक्षा किंचित दबलेला असावा. १७५ अंशांना, म्हणजे अमेरिकी थर्मामीटरच्या ३५० फॅरनहाइटला, प्रत्येक बाजू अडीच ते तीन मिनिटे घेते आणि गाभा ९३ अंशांवर गेला की फ्रिटर झाला. पिठाची गोळी टाकून ती वर येते का पाहण्याची आपली रीत भज्यांना पुरते, पण १७० आणि १९० अंशांतला फरक तिला कळत नाही, आणि इथे सगळा प्रश्न त्याच वीस अंशांचा आहे. जाड बुडाची लोखंडी कढई आणि निदान दीड लिटर तेल घेऊन एका वेळी दोनच फ्रिटर सोडावेत. चार सोडले तर तेल इतके खाली उतरते, की पुढच्या दोन मिनिटांत फ्रिटर तळण्याऐवजी भिजतात.

हसणे

तेलात तुकडे सुटून पसरणे हा वेगळा दोष आहे आणि त्याचे मूळ चिरण्यात व दाबण्यात असते. चिरताना पीठ चिकटते म्हणून ओट्यावर मैदा भुरभुरत राहण्याचा मोह होतो, आणि मग प्रत्येक तुकड्यावर कोरड्या मैद्याचे आवरण बसते, जे शेजारच्या तुकड्याला चिकटूच देत नाही. पीठ फ्रिजमधून नुकतेच काढलेले, कडक असेल, तर मैद्याची गरज पडत नाही. फोडींवर भुरभुरलेला तेवढा एक चमचा पुरतो. तुकडे हरभऱ्याएवढे बारीकही नसावेत आणि लिंबाएवढे मोठेही नसावेत; सुपारीएवढे तुकडे एकमेकांत चांगले अडकतात. सगळे गोळा करून हाताने लोडासारखा घट्ट गोळा करावा, तो पुन्हा दोनदा आडवा-उभा चिरून पुन्हा दाबावा, आणि मग साधारण ९५ ग्रॅमचे दहा भाग कापावेत. कापलेल्या भागाच्या पृष्ठावर उघड्या पडलेल्या फोडी बोटाने आत ढकलाव्यात, कारण तेलात सर्वांत आधी त्याच सुटतात, करपतात आणि पुढच्या घाण्याला काळे ठिपके देतात.

यानंतर शेवटची फुगवण होत असताना तुकडे एकमेकांत मिसळून एकजीव होतात, म्हणून कमी आंबलेले फ्रिटर जास्त हसतात. अति आंबलेलेही हसतात, पण ते तुकड्यांत सुटत नाहीत. ते उचलतानाच ओघळतात. उचलण्याची अडचण मुळातूनच टाळण्यासाठी प्रत्येक भाग बेकिंगच्या कागदाच्या वेगळ्या चौकोनावर फुगवावा आणि कागदासकट तेलात सोडावा; वीस-तीस सेकंदांत कागद सुटतो, तो चिमट्याने काढून घ्यावा. मेणकागद मात्र वापरू नये, त्याचे मेण तेलात उतरते. आणि पहिले दीड मिनिट झारा दूर ठेवावा. खालचे कवच धरण्याआधी फ्रिटर हलवला की तो हसणारच, मग बाकी सगळे कितीही बरोबर असो.

लेपाविषयी थोडक्यात सांगतो. २०० ग्रॅम पिठीसाखर, तीन मोठे चमचे दूध आणि चिमूटभर मीठ एवढे पुरते. तळून काढलेले फ्रिटर कागदावर न ठेवता जाळीवर ठेवावेत, म्हणजे खालची बाजू वाफेने मऊ पडत नाही, आणि पाच मिनिटांनी, गरम पण हाताला सोसेल असे असताना लेपात बुडवावेत. दमट हवेत लेप सुकतच नाही, तेव्हा कोकणात किंवा पावसाळ्यात करणाऱ्यांनी दूध अर्ध्या चमच्याने कमी करावे आणि फ्रिटर त्याच दिवशी संपवावेत. दुसऱ्या दिवशी फोडींतले उरलेसुरले पाणी पिठात उतरते आणि सारी मेहनत मऊ पडते.

पहिल्याच घाण्यातला एक फ्रिटर खरोखर कच्चा निघाला, म्हणजे तेलातून काढताच गाभ्याचे तापमान ८५ अंशांखाली असले, तर उरलेले टाकून देण्याची गरज नाही. लेप द्यायच्या आधी ते जाळीवर ठेवून १६० अंशांच्या ओव्हनमध्ये आठ ते दहा मिनिटे ठेवावेत. कवच आणखी काळे न पडता गाभा शिजतो. खळीच्या कड्यावर हा उपाय चालत नाही, ते फ्रिटर तसेच खावे लागतात. न तळलेले भाग तेव्हा अजून ओट्यावर असतील आणि दोष कमी फुगण्याचा असेल, तर गॅस बंद करून त्यांना आणखी एक तास द्यावा. तेल पुन्हा तापवता येते.